बाबासाहेबांच्या घरातला ठेवा

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या पडवीत पत्र्याच्या ट्रंकांची रांग लागते. कुणाची नवी, कुणाची थोरल्या भावाकडून आलेली, झाकणावर रंगाने नाव आणि गावाचे नाव लिहिलेली. आत काय असावे याची यादी विद्यालयाने आधीच पाठविलेली असते: दोन गणवेश, अंथरूण-पांघरूण, ताट, वाटी, पेला, साबण, वह्या. तरीही प्रत्येक ट्रंकेत यादीबाहेरचे काहीतरी सापडतेच. एखाद्या मुलाजवळ आजोबांच्या चष्म्याची घडी असते, एखादीजवळ आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, कुणाजवळ दीक्षाभूमीवरून आणलेली बुद्धाची बोटभर मूर्ती. त्या वस्तूला पैशात किंमत नसते. पण रात्री दिवे मालवण्यापूर्वी मूल एकदा ट्रंक उघडून तिच्याकडे पाहून घेते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

या स्मरणिकेसाठी परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रावर लिहावे असे ठरले, तेव्हा आमच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषदा, पुणे करार, संविधान आणि दीक्षाभूमी हा त्यांच्या आयुष्याचा राजमार्ग आमच्या वाचकांना मुखोद्गत आहे. त्यावरून पुन्हा चालत जाण्यापेक्षा आम्ही एक आडवाट धरली. बाबासाहेब ज्या ज्या घरात राहिले, त्या घरांत काय होते? त्यांनी जिवापाड जपलेल्या वस्तू कोणत्या, त्या कशा आल्या, कशा गेल्या आणि आज त्या कुठे आहेत?

पहिले घर आठवावे ते मुंबईतले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमराव जन्मले. सातारा येथे बालपणाचा काही काळ आणि मातोश्री भीमाबाईंचा वियोग, आणि नंतर सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले. लोअर परळच्या डबक चाळीत त्यांचे बिऱ्हाड होते. बिऱ्हाड म्हणजे एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच माजघर, तीच अभ्यासिका. चुलीचा धूर, लाकूडफाटा, भांडीकुंडी आणि माणसे यांनी ती भरून गेलेली असे. चरित्रकार सांगतात की, भीमराव निजत त्या जागी उशाशी जाते आणि पायाशी शेळी होती. दोघांना एका वेळी पाय पसरता येतील एवढीही जागा नसल्याने रामजींनी एक व्यवस्था लावली. मुलाला त्यांनी लवकर निजवावे, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मग मुलाला उठवून दिव्यापुढे बसवावे आणि त्याच्या जागेवर आपण पाठ टेकावी. चिमणीच्या त्या उजेडात एल्फिन्स्टन हायस्कूलचा हा विद्यार्थी पहाटेपर्यंत वाचीत असे.

या घरात ठेवा म्हणावा असे काय होते? पुस्तके होती. निवृत्त सुभेदाराच्या तुटपुंज्या पेन्शनवर चालणाऱ्या त्या संसारात, शाळेच्या अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तके मुलगा मागत असे आणि बाप ती आणून देत असे. पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. धाकटीकडे मिळाले तर ठीक, नाही तर थोरलीकडे. रोख नसेल तेव्हा मुलगी अंगावरचा दागिना उतरवून देई, रामजी तो गहाण टाकीत, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून लेकीच्या घरी पोहोचविला जाई. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुलांचे लक्ष साहजिकच भीमरावांकडे जाते. आम्हांला मात्र त्या दोन बहिणींविषयी अधिक वाटते. सासरच्या घरी, चार माणसांत, आपला दागिना कुठे गेला याचे उत्तर त्यांना किती वेळा द्यावे लागले असेल! बाबासाहेबांच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाचा पाया त्या दोघींच्या दागिन्यांवर रचलेला आहे, आणि त्यांची नावे मात्र आपल्या ओठांवर फारशी येत नाहीत.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने ती परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या काळी एवढी अपूर्व गोष्ट होती की, वस्तीने सत्काराची सभा भरविली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकारही त्या सभेस उपस्थित होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच बसून वाचणाऱ्या या मुलाची आणि त्यांची आधीच ओळख झालेली होती. त्या दिवशी त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. रामजी कबीरपंथी, घरात रामायण-महाभारताचे वाचन आणि संतांची भजने नेमाने चालत. त्या घरात हे पुस्तक आले आणि एका मुलाच्या मनात काही प्रश्न ठेवून गेले. पुढे एकोणपन्नास वर्षांनी त्या प्रश्नांचे उत्तर नागपूरला लाखो लोकांच्या साक्षीने मिळाले, हे आपण जाणतोच. सत्कारात शाल, नारळ आणि हार देणारे पुष्कळ असतात. पुस्तक देणारा एखादाच. आमच्या विद्यालयाने गेली काही वर्षे निरोपसमारंभात हाराऐवजी पुस्तक देण्याची पद्धत ठेविली आहे, ती याच आठवणीतून आली.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परदेशी गेलेला तरुण चार पैसे वाचले की काय घेतो, हे आजही आपण पाहतो. भीमरावांनी जुनी पुस्तके घेतली. शिष्यवृत्तीतला काही भाग घरी पाठवायचा, पोटाला चिमटा घ्यायचा आणि उरेल ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात द्यायचे, हा त्यांचा क्रम. सुमारे दोन हजार पुस्तके अशा रीतीने जमली. ती भारतात आणण्यासाठी त्यांनी एका ओळखीच्या माणसावर सोपविली, परंतु त्यांतली सारी त्यांच्या हाती कधीच पडली नाहीत.

याहून मोठा घाव १९१७ मध्ये बसला. लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते स्वतः एका बोटीने निघाले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने. पहिले महायुद्ध चालू होते; सामानाची बोट पाणतीराच्या माऱ्याने समुद्रात बुडाली. मुंबईत बोट बुडाल्याची वार्ता आली तेव्हा रमाई आणि घरची मंडळी हवालदिल झाली, कारण भीमराव नेमके कोणत्या बोटीवर आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. माणूस सुखरूप पोहोचला, पण त्याची ट्रंक सागराच्या तळाशी गेली. ज्याने उपाशी राहून एकेक पुस्तक मिळविले, त्याला त्या बातमीने काय वाटले असेल, याची कल्पना आमच्या वसतिगृहातील मूल करू शकेल. त्याच्या ट्रंकेला नुसते दुसऱ्याचे कुलूप लागले तरी त्याचा जीव कासावीस होतो. दैवाचा खेळ असा की, त्या बुडालेल्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले आणि करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला जाण्याचा खर्च त्यांतूनच भागला. घरी देण्यासाठीही काही रक्कम त्यांतूनच निघाली.

बडोद्यातली जागा ही खरे तर घर म्हणण्याजोगी नव्हतीच. शहरात कुणी अस्पृश्याला थारा देईना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन त्यांना राहावे लागले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली. बाकी सारा दिवाणखाना मोडक्या खुर्च्या, फळ्या आणि अडगळ यांनी भरलेला. रात्री एक मिणमिणता कंदील आणि छतात वटवाघळे. सोबतीला माणूस नाही. कार्यालयात शिपाई दुरून फायली फेकीत, प्यायला पाणीही मिळत नसे. त्या काळोख्या जागेत त्यांनी पुस्तकांचीच सोबत धरली. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियाची पदवी घेतलेला हा विद्वान कामाठी बागेत एका झाडाखाली बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. आमच्या वाचकांपैकी अनेकांना हे ठाऊक आहे, तरी इथे सांगावेसे वाटले; कारण पुढे त्यांनी बांधलेल्या घराचा अर्थ या धर्मशाळेशिवाय लागत नाही. भाड्याने छप्पर मिळविण्यासाठी ज्याला आपले नाव लपवावे लागले, त्याला स्वतःचे घर बांधताना कोणते नाव सुचावे?

त्या घराकडे वळण्यापूर्वी थोडे लंडन आणि थोडे परळ. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राची उसनवारी यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री खोलीवर परतल्यावर मित्राने दिलेले पापड भाजून भूक मारायची आणि पुन्हा वाचायला बसायचे. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर आज महाराष्ट्र शासनाच्या मालकीचे स्मारक आहे. तिथे आज जाणाऱ्या पाहुण्याला नीटनेटकी खोली दिसते. पापडाचा वास काही स्मारकात ठेवता येत नाही.

इकडे परळच्या पोयबावाडीत, सुधार न्यासाच्या चाळीतील दोन खोल्यांत रमाई संसार ओढीत होत्या. शेण्या थापणे, लाकूडफाटा गोळा करणे आणि जोडीला एकामागून एक मुलांचे मृत्यू. त्या घरात मौल्यवान म्हणावे असे फार थोडे होते आणि जे होते तेही घरात टिकले नाही. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह उघडले, पुढे इतरत्रही वसतिगृहे निघाली. धारवाडच्या वसतिगृहाची एक आठवण आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रमाई काही दिवस तिथे वराळे कुटुंबाकडे मुक्कामाला होत्या. अंगणात खेळणारी मुले एकाएकी दिसेनाशी झाली; चौकशी केली तेव्हा कळले की अनुदान आलेले नाही, धान्य संपले आहे, मुले उपाशी आहेत. रमाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि गहाण ठेवून धान्य आणविले. आमच्या भोजनगृहात रमाईंची तसबीर आहे ती यासाठी. पाहुणे कधी विचारतात की ती सभागृहात का नाही. तिची जागा जेवणाच्या पंगतीसमोरच आहे, असे आम्हांला वाटते.

आता ते घर. १९३० नंतर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत जागा घेतली आणि स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधायला काढले. वास्तुशिल्पावरची पुस्तके त्यांनी आधी वाचली, आराखड्यात स्वतः लक्ष घातले. तळमजल्यावर कुटुंबासाठी राहण्याची जागा आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कार्यालय. सामान्यतः माणूस घर बांधतो आणि मग एका कोपऱ्यात पुस्तकांना जागा काढतो. इथे पुस्तकांसाठी मजला ठरला आणि त्याखाली माणसे राहिली. घराचे नाव त्यांनी राजगृह ठेविले. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी. बिंबिसार राजाने याच नगरीत तथागतांचे स्वागत केले आणि वेळुवन संघाला दान दिले. धर्मांतराची घोषणा अद्याप व्हायची होती, दीक्षेला दोन तपांहून अधिक अवकाश होता. तरी नाव मात्र आधीच ठरले होते. बडोद्याच्या धर्मशाळेत नाव लपवावे लागलेल्या माणसाने दारावर हे नाव कोरले.

याच काळात त्यांनी आणखी एक इमारत बांधली, तिचे नाव चारमिनार. ती पुढे विकली गेली. राजगृह मात्र राहिले. कर्जे होती, राजकारणाचे खर्च होते, वकिलीचे उत्पन्न अनिश्चित होते, पण ग्रंथखरेदी कधी थांबली नाही. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तरी मोकळा वेळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. १९३८ च्या सुमारास जॉन गुंथर या अमेरिकन लेखकाने राजगृहातील ग्रंथांची संख्या सुमारे आठ हजार असल्याचे नोंदविले आहे, आणि त्यानंतरही बाबासाहेब अठरा वर्षे पुस्तके घेतच होते. पंडित मदनमोहन मालवीय यांनी या संग्रहासाठी दोन लाख रुपये देऊ केले होते, असे चरित्रकार सांगतात. त्या काळचे दोन लाख! डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाने ते नाकारले. पुस्तक कुणाला घरी नेऊ देण्याची त्यांची तयारी नसे. वाचायचे असेल त्याने राजगृहात येऊन, तिथेच बसून वाचावे. आमचे ग्रंथपाल या एका बाबतीत बाबासाहेबांचे अत्यंत निष्ठावान अनुयायी आहेत, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेलच.

राजगृहात रमाईंना फार काळ लाभला नाही. आयुष्यभर चाळीत काढल्यावर स्वतःच्या घरात त्या आल्या आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही काळ बाबासाहेब विरक्त होऊन बसले होते. त्यांना सावरणारे जे काही होते, त्यांत वरच्या मजल्यावरचे कपाट होतेच होते.

पुस्तकांखेरीज त्यांना कशाची आवड नव्हती असे समजणे चुकीचे आहे. आपण त्यांना निळ्या कोटात, हाती संविधान घेऊन, बोट पुढे केलेल्या पुतळ्यात इतके पाहिले आहे की, या माणसाला हौस होती हे आपल्याला पटकन खरे वाटत नाही. त्यांना उत्तम शिवलेल्या कपड्यांची आवड होती, आणि घरी मात्र साध्या लुंगीत वावरणे आवडे. फाउंटन पेनांचा शौक होता. कुत्री पाळण्याची, बागेत झाडे लावण्याची, हौसेने एखादा पदार्थ रांधण्याची त्यांना गोडी होती. उतारवयात त्यांनी चित्रकलेलाही हात लावला. आणि ते व्हायोलिन शिकले.

त्या व्हायोलिनपुढे आमच्या नववीच्या मुली अडल्या होत्या. पुण्यात सेनापती बापट मार्गावर सिम्बायोसिस संस्थेचे बाबासाहेबांचे स्मारक-संग्रहालय आहे. माईसाहेब आंबेडकरांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू तिथे सुपूर्द केल्या. सहलीच्या निमित्ताने आम्ही मुलांना तिथे नेले होते. खुर्च्या, पलंग, कपडे, काठ्या, भांडी, भारतरत्नाचे पदक, सारे मुलांनी शिस्तीत पाहिले. पदकापुढे मुले थोडी थांबली, वहीत टिपून घेतले. व्हायोलिनपुढे मात्र रांग मोडली. एका मुलीने विचारले की, ते चांगले वाजवायचे का? त्यांनी गुरू धरून शिक्षण घेतले, एवढे आम्ही सांगितले. देशाचे राजकारण, खटले, ग्रंथलेखन आणि ढासळती प्रकृती यांतून वेळ काढून पन्नाशीच्या पुढचा माणूस रोज तारांवर बोटे ठेवून सराव करतो, ही गोष्ट त्या मुलीला पदकापेक्षा मोठी वाटली. परत येताना बसमध्ये दोन मुलींनी आपल्या संगीत शिक्षकांकडे हार्मोनियम शिकण्याचे नक्की केले. त्यांपैकी एक आज आमच्या वंदनेला हार्मोनियमची साथ करते.

नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनातही बाबासाहेबांचे कोट, टोप्या आणि संविधानाच्या मसुद्याशी जिचे नाव जोडले जाते ती टंकलेखनाची मशीन जपून ठेविली आहे. कापडाला कसर लागते, लोखंडाला गंज चढतो. अशा वस्तू राखायला शास्त्रीय प्रक्रिया करावी लागते, पैसा लागतो, दरवर्षी लागतो. समाजाने पुतळ्यांसाठी वर्गणी हौसेने दिली. वापरातल्या कोटाला कसर लागू नये म्हणून वर्गणी मागितली तर किती जण देतील, अशी शंका आमच्या मनात येते. ती खोटी ठरावी.

आता आम्हांला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. ज्या ग्रंथांना दोन लाखांतही त्यांनी हलू दिले नाही, ते ग्रंथ राजगृहातून निघाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. आणि बाबासाहेबांचा वैयक्तिक संग्रह सिद्धार्थच्या ग्रंथालयात गेला. एक पुस्तक बाहेर न देणाऱ्याने कपाटेच्या कपाटे दिली. यात विसंगती पाहणारे पाहोत. गहाण पडलेल्या दागिन्यांवर आलेली पुस्तके अखेर अशा मुलांच्या हाती पोहोचली, ज्यांच्या घरी गहाण टाकायला दागिनाही नव्हता. कोलंबियात त्यांना शिकविणारे जॉन ड्युई यांची बाबासाहेबांनी वाचलेली पुस्तके अभ्यासकांनी सिद्धार्थच्या संग्रहात तपासली आहेत. त्यांत लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या रेघा जागोजागी आहेत. घरातल्या माणसाची सावली वस्तूवर राहते असे म्हणतात, ती अशी.

बुद्धमूर्तीचेही तसेच झाले. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या बौद्ध परिषदेहून परतल्यावर त्यांनी तिकडून आणलेली मूर्ती स्वतःच्या घरात ठेवली नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे लोकांनी बांधलेल्या विहारात तिची स्थापना केली. आज तिथे जाणाऱ्या आपल्या बांधवांना ती मूर्ती आपल्याच घरची वाटते.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो. प्रवेशाच्या निमित्ताने आम्ही पालकांच्या घरी जातो. बहुतेक घरांत बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर असते, तिला ताजा हार असतो. शोकेसमध्ये प्लास्टिकची फुले, काचेचे ससे, न वापरलेले चहाचे कप. पुस्तकांचे फडताळ मात्र शोधावे लागते. जिथे ते सापडते तिथे आम्ही चहा संपल्यावरही बसून राहतो. एका शेतमजूर पालकाच्या घरी, तुळईला टांगलेल्या पिशवीत बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचे दोन जीर्ण खंड होते. उंदीर कुरतडतात म्हणून टांगलेले. त्या घरात दुसरे काही पाहायची इच्छाच उरली नाही.

दिल्लीत मजूरमंत्री आणि नंतर कायदेमंत्री म्हणून बाबासाहेब सरकारी बंगल्यांत राहिले. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ते अलीपूर रोडवरील सव्वीस क्रमांकाच्या घरी आले. ते घर त्यांचे स्वतःचे नव्हते. तिथेच त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ पुरा केला. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती, पाय दुखत. तरी त्या घरातही भिंतींना कपाटे होती.

५ डिसेंबर १९५६ च्या सायंकाळी जैन मंडळींचे शिष्टमंडळ भेटून गेले. रात्री त्यांचे सचिव नानकचंद रत्तू पाय चेपीत बसले होते. बाबासाहेब बोटांनी ठेका धरून त्रिशरण गुणगुणू लागले आणि रेडिओग्रामवर त्याची तबकडी लावायला सांगितली. जेवायला उठताना काठीच्या आधाराने जाता जाता कपाटांतून काही पुस्तके निवडून काढली आणि बिछान्याजवळ ठेवावयास दिली. कबीराचे एक पद ओठांवर होते, वडिलांच्या घरातून आलेले. मग त्यांनी आपल्या नव्या ग्रंथाची प्रस्तावना आणि उपोद्घात यांची टंकलिखित पाने मागून घेतली, रात्री नजर फिरविण्यासाठी. त्याच ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी परळच्या त्या सत्काराची आणि दादा केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाची हकीकत नोंदवून ठेविली आहे.

सकाळी ते उठले नाहीत. विमानाने त्यांचे पार्थिव मुंबईस आणले गेले आणि ७ डिसेंबरच्या पहाटे राजगृही ठेवण्यात आले. हिंदू कॉलनीच्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागली. गिरणीतून थेट आलेले, गाड्यांच्या टपांवर बसून आलेले, बाया, कडेवरची मुले. एकेक जण त्या घराच्या पायऱ्या चढत होता आणि दर्शन घेऊन उतरत होता, दुपारी दादर चौपाटीकडे अंत्ययात्रा निघेपर्यंत.